पाण्याची परीक्षा

पाणी नितळ दिसले की ते चांगले, अशी आपली जुनी समजूत. खेड्यातल्या ओढ्याकाठी ती बरीचशी चालूनही गेली. पण तोच ओढा शहरातून, कारखान्यांच्या शेजारून वाहू लागला म्हणजे नुसत्या डोळ्यांचा भरवसा पुरत नाही.

मोरिवलीच्या परिसरातली वालधुनी नदी घ्या. अंबरनाथजवळच्या डोंगरांत ती उगम पावते, १०६० सालच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराच्या अंगाने वाहते आणि उल्हासनगर, कल्याण ओलांडून खाडीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत रासायनिक टाकाऊ द्रव ओतला गेला. विषारी वायू पसरला आणि शेकडो माणसांना श्वासाचा त्रास झाला.

मग पाण्याची परीक्षा करावी कशी? प्रथम पाहायचा तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मासे त्यावरच जगतात. २५ अंश सेल्सियसला एक लिटर स्वच्छ पाण्यात तो सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो. पाण्यात मैला पडला की तो कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू वापरून टाकतात. ते किती वापरतील, हे पाणी बंद बाटलीत ठराविक दिवस ठेवून मोजतात. आपल्याकडच्या निकषाप्रमाणे, आंघोळीच्या पाण्यात लिटरला निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जिवाणूंची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आम्ल-अल्कतेचा अंक ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा.

आता खरी मेख ऐका. दुपारी भरलेली बाटली, रात्री कोणी काय सोडले ते सांगत नाही. पावसाळ्यात पाणी वाढते, घाण पातळ होते आणि आकडे सुधारल्यासारखे दिसतात. म्हणून एकदा तपासून भागत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, बारा महिने नोंद हवी. नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक, असे दोन नमुने घेतले, तर घाण कोठून आली ते कळते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे काम जरूर करावे. रंग, वास, तापमान, मासे दिसतात की नाही, एवढे दर आठवड्याला वहीत लिहा. मुलांना मात्र पाण्यात उतरू देऊ नका. बादली दोरीने सोडा. नदी अचानक बिघडली, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना ही तारीखवार वही सोबत न्या. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तिचे वजन अधिक पडेल.