आईचे अखेरचे आजारपण आणि माझी शस्त्रक्रिया

बालरोगतज्ज्ञाकडे येणारी प्रत्येक आई आपल्या मुलासाठी आलेली असते. पंचवीस-तीस वर्षे मी हेच पाहत आलो. मुलाने आईसाठी काय करावे, हा प्रश्न जेव्हा माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा मात्र माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग येणार आहे, म्हणून हे चार शब्द.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. यकृतात पसरलेल्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा तज्ज्ञांनी स्पष्टच सांगितले की रोग हटणार नाही, त्रास मात्र कमी करता येईल. आईचे एकच म्हणणे होते, "मला अमझेऱ्यालाच राहू दे." अमझेरा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असताना आमचे पूर्वज नोकरीनिमित्त येथे आले आणि येथलेच झाले. अमका-झमका देवीचे गाव सोडून रुग्णालयातल्या पलंगावर मरण तिला नको होते. तिचा हट्ट मला अवास्तव वाटला नाही. बाबा आमटे यांचे निधनही ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच, आपल्या माणसांत झाले. त्यांचे दोन्ही पुत्र डॉक्टर आहेत.

मी धारहून रोज सायंकाळी जाऊ लागलो. आईला उचलून बसवणे, कूस बदलणे, न्हाणीघरात नेणे ही कामे मी हौसेने अंगावर घेतली. माझ्या उजव्या जांघेत दोन वर्षांपासून हर्निया होता. तो आता दुखू लागला. "आईचे होऊन जाऊ दे, मग पाहू," असे मी स्वतःला बजावत राहिलो. हेच वाक्य एखाद्या रुग्णाच्या तोंडून ऐकले असते तर मी त्याला रागावलो असतो.

शेवटी एका सर्जन मित्राने मला दोन प्रश्न विचारले. तेच मी वाचकांपुढे ठेवतो. पहिला, शस्त्रक्रिया लांबवली तर रोग किती बिघडेल? दुसरा, ती अचानक करावी लागली तर त्या दिवशी घर कोण सांभाळील?

शस्त्रक्रिया थांबू शकते की नाही, हे रोगाने ठरवावे, आपल्या अपराधी भावनेने नव्हे. मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा यांना बहुधा काही महिने थांबता येते. कर्करोगाची शंका असलेली गाठ थांबत नाही. हर्निया या दोहोंच्या मध्ये येतो. उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. फारसा त्रास नसलेल्या हर्नियावर नुसते लक्ष ठेवणे सुरक्षित आहे, असे त्यात दिसले. तथापि त्यांतील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांनी दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली, मुख्यतः वेदना वाढल्यामुळे. रोज वजन उचलणारा आणि दुखणे अंगावर काढणारा माणूस "फारसा त्रास नसलेल्या" गटात मोडत नाही. फुगवटा कडक झाला, आत जाईनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. मग तासांचाच हिशेब उरतो.

मी शस्त्रक्रिया करून घेतली. तिच्याआधी आठ दिवस बसून एक कागद तयार केला. दिवसभराची सगळी कामे लिहिली आणि प्रत्येक कामापुढे एक नाव घातले. बहीण पुण्याहून आली. शेजारच्या काकू सकाळी दोन तास बसू लागल्या. उचलण्यासाठी एक सेवक ठेवला. दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंड ओले ठेवणे, औषधांच्या वेळा हे सारे भिंतीवर लावले. एका माणसावर उभी असलेली शुश्रूषा त्या माणसाबरोबरच कोसळते, हे तो कागद लिहिताना मला उमगले.

वेदनेबाबत संकोच करू नये. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन योग्य मात्रेत, नियमित वेळेवर आणि सोबत रेचक देऊन वापरले तर ते मृत्यू ओढवून आणत नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले आहे. अखेरच्या दिवसांत भूक जाते. ती उपासमार नव्हे, शरीर मिटत असल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी सलाईनचा आग्रह धरल्यास सूज आणि घशातली घरघर वाढू शकते.

रुग्ण शुद्धीवर असतानाच त्याची इच्छा विचारून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वजन उचलू नये, असे मला बजावले होते. चौथ्या दिवशी मी अमझेऱ्याला गेलो. आईला उचलता येईना, कूस बदलता येईना. औषधे बहीण देत होती. माझ्यासाठी कामच उरले नव्हते, म्हणून मी नुसता तिच्याजवळ बसलो. आजवर मी तिची नाडी पाहत होतो, आता हात धरून बसलो. तिने डोळे उघडून विचारले, "टाके दुखतात का रे?" कित्येक महिन्यांनी ती रुग्ण नव्हती, आई होती.

पाचव्या आठवड्यात ती गेली, तेव्हाही मी तिथेच बसलेलो होतो. आधी तिच्यासाठी पुष्कळ केले होते. तिच्याजवळ मात्र मी खरा बसलो तो शस्त्रक्रियेमुळेच. वाचक बंधुभगिनींनी त्यासाठी टाके पडण्याची वाट पाहू नये, एवढीच विनंती.