मोढेऱ्याचा सूर्योदय : एका वास्तूचे वाचन

मोढेऱ्याचे सूर्यमंदिर पाहावयास निघालेल्यांना मी नेहमी एकच सूचना करतो : पहाटे पोहोचा. रम्य देखावा पाहता यावा, एवढाच या सूचनेचा हेतू नाही. नाटकाची छापील प्रत चाळणे आणि तेच नाटक रंगमंचावर पाहणे यांत जे अंतर आहे, तेच दुपारी पाहिलेल्या आणि सूर्योदयी पाहिलेल्या मोढेऱ्यात आहे. या वास्तूतील मुख्य पात्र दगडाचे नाही. ते रोज पूर्वेकडून प्रवेश करते, आणि त्याच्या प्रवेशासाठीच सारा रंगमंच मांडलेला आहे.

मोढेरा महेसाण्यापासून सुमारे २५ कि.मी. अंतरावर, पुष्पावती नदीच्या काठी आहे. स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख बडोदे संस्थानाच्या कडी प्रांतात मोडत असे. त्यामुळे गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे नाव परके नाही. मात्र नाव परिचयाचे असले म्हणजे वास्तू परिचयाची असतेच असे नाही. म्हणून आजच्या या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने तिचे थोडे वाचन करावे, असा माझा मानस आहे.

मंदिराचे तीन भाग पूर्व-पश्चिम अशा एका रेषेत आहेत. पूर्वेला पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारे आयताकृती कुंड, त्याच्या पश्चिमेस चारही बाजूंनी मोकळा असा सभामंडप, आणि त्याच्याही मागे गूढमंडप व गाभारा असलेले मुख्य मंदिर. कुंड आणि सभामंडप यांच्या मध्ये कीर्तितोरण होते. त्याचे दोन स्तंभ तेवढे आज उभे आहेत. मंदिरावरचे शिखरही आता राहिलेले नाही. चौलुक्य, म्हणजे सोलंकी, राजा पहिला भीमदेव याच्या काळातील, अकराव्या शतकातील ही निर्मिती होय. ओडिशातील कोणार्कचे सूर्यमंदिर हिच्यानंतर दोन शतकांनी उभे राहिले.

मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास, निवृत्तीनंतरच्या एका वर्षी, मी तेथे सूर्योदयाला उभा होतो. सूर्य क्षितिजावरच्या झाडांतून वर आला तेव्हा कुंड अंधारातच होते. त्याचा पूर्वेकडचा काठ आपली सावली आत टाकीत होता. पहिला उजेड पडला तो सभामंडपाच्या खांबांवर, आणि त्यांमधून पलीकडे गूढमंडपाच्या दारात. तेथील फरशीवर उजेडाचा एक अरुंद पट्टा उमटला. त्यानंतर ऊन कुंडाच्या पश्चिमेकडील पायऱ्यांवरून एकेक पायरी खाली उतरू लागले. स्नान करून भाविक ज्या पायऱ्या चढून देवाकडे जात असे, त्याच पायऱ्या उतरून प्रकाश पाण्याकडे येत होता. दुपारी हे काहीच दिसत नाही. तेव्हा दिसतात त्या केवळ पायऱ्या.

विषुवदिनच का, याचे उत्तर आकाशात आहे. सूर्य रोज पूर्वेला उगवतो असे आपण म्हणतो, पण तो नेमक्या पूर्वबिंदूवर उगवतो तो वर्षातून दोनदाच, वसंतसंपात आणि शरदसंपात या दोन्ही वेळी, म्हणजे मार्चच्या २०-२१ आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखांच्या सुमारास. एरवी उगवतीची जागा सरकत राहते. मोढेऱ्याच्या अक्षांशावर ती उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे सुमारे २६ अंशांपर्यंत जाते. संपाताच्या दिवसांत तर हे सरकणे सर्वांत वेगाने होते : एका दिवसात जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढे. शिवाय उगवल्यावर सूर्य सरळ वर चढत नाही, तो दक्षिणेकडे कलत चढतो. अर्ध्या तासात तो सुमारे सात अंश वर येतो आणि तीन अंश दक्षिणेकडे जातो. पूर्वाभिमुख दारातून आत खोलवर जाणारा किरण असा थोड्या दिवसांचा आणि थोड्या मिनिटांचा पाहुणा असतो. उशिरा येणाऱ्याची त्याच्याशी भेट होत नाही.

अकराव्या शतकातील स्थपतीला नेमकी पूर्व सापडली कशी? साधन अगदी साधे होते : शंकू, म्हणजे सपाट जमिनीवर उभा रोवलेला खुंट. खुंटाभोवती वर्तुळ काढावयाचे. सकाळी खुंटाच्या सावलीचे टोक त्या वर्तुळाला जेथे शिवते तेथे एक खूण करावयाची, आणि दुपारनंतर लांबत जाणारी सावली पुन्हा वर्तुळाला शिवते तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा ही पूर्व-पश्चिम रेषा. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे आणि पुढे वास्तुशास्त्राच्या ग्रंथांतही ती येते. तिच्यात एक बारीक खोट आहे : सकाळ ते सायंकाळ या अवधीत सूर्य स्वतः उत्तर-दक्षिण थोडा सरकलेला असतो. हा दोष संपाताच्या दिवसांत सर्वाधिक आणि अयनदिनाच्या सुमारास नगण्य असतो. आपल्या ज्योतिषांनी तो ओळखला होता आणि त्यासाठी संस्कारही सांगितला होता.

आता वाचनाच्या दुसऱ्या अंगाकडे वळतो. जुन्या पोथीचे संपादन करताना मूळ संहिता कोणती आणि मागाहून घुसडलेला भाग कोणता, हे आम्ही मराठीचे अध्यापक आयुष्यभर पाहत असतो. वास्तूलाही प्रक्षेप असतात. या मंदिराच्या गाभाऱ्याच्या भिंतीतील एका दगडावर 'विक्रम संवत १०८३' अशी अक्षरे आहेत. तो काळ इ.स. १०२६-२७ येतो. गझनीच्या महमूदाची सोमनाथवरील स्वारी इ.स. १०२५-२६ मधली. दोन आकडे असे शेजारी आले की मन लगेच त्यांची कथा गुंफू लागते. पण तो दगड भिंतीत उलटा बसलेला आहे, आणि अक्षरेही काळजीपूर्वक कोरलेली नाहीत. उलटा बसलेला दगड एवढेच सांगतो की तो पूर्वी कोठेतरी सुलटा होता आणि भिंत पुन्हा रचली गेली. त्यामुळे ते साल बांधणीचे की मोडतोडीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सभामंडप मुख्य मंदिरानंतरचा, असेही पुष्कळांचे मत आहे.

वाटाड्यांच्या कथांनाही हीच कसोटी लावावी. सभामंडपाचे ५२ खांब म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, असे तेथे हटकून सांगितले जाते. आपल्याकडे वार प्राचीन काळापासून आहेत हे खरे. परंतु वर्षाची मोजणी मास, पक्ष, ऋतू आणि अयने यांनी होत असे, आठवड्यांच्या बेरजेने नव्हे. मूर्तीच्या मस्तकी हिरा होता आणि पहिल्या किरणाने सारा गाभारा उजळत असे, ही कथाही अशीच. आज गाभाऱ्यात मूर्ती नाही. तेथील जमीन खचून खड्डा झाला आहे आणि मूर्तीचे आसन त्यात पडलेले आहे. हिऱ्याला पुरावा नाही. दिशेला आहे, आणि तो कोणत्याही विषुवदिनी पहाटे तपासता येतो.

याउलट एक गोष्ट वाटाडे अपुरी सांगतात. मंदिर कर्कवृत्तावर आहे असे म्हणतात, पण आज ते वृत्त मोढेऱ्याच्या दक्षिणेस सुमारे १५-१६ कि.मी. आहे. मात्र पृथ्वीच्या आसाचा कल शतकागणिक किंचित कमी होत असल्यामुळे कर्कवृत्त दक्षिणेकडे सरकत आले आहे. हजार वर्षांचा हिशेब केला तर अकराव्या शतकात ते मोढेऱ्याच्या अगदी जवळून, दोनएक कि.मी. अंतरावरून जात होते असे दिसते. तेव्हा कर्कसंक्रमणाच्या माध्यान्ही तेथे खुंटाची सावली जवळजवळ नाहीशी होत असणार. जागा त्यासाठीच निवडली होती असे म्हणावयास लेखी आधार नाही. योग जुळून आला होता, एवढे मात्र गणित सांगते.

सकाळच्या तिरप्या उन्हाचा आणखी एक उपकार आहे. सूर्य पूर्वेकडून किंचित दक्षिणेला कलला की मंदिराच्या दक्षिण भिंतीवर ऊन जवळजवळ घासत जाते, आणि शिल्पांचे बारकावे सावल्यांनी उठून दिसतात. देवकोष्ठांतील आदित्यांच्या मूर्ती पाहावयाच्या त्या अशा वेळी. दोन्ही हातांत कमळे, खाली सात घोडे, आणि पायांत उंच पादत्राणे. देवाच्या पायांत पादत्राणे पाहून नवखा माणूस थबकतो. परंतु सूर्याचा वेष उत्तरेकडील लोकांसारखा, पायांपासून छातीपर्यंत झाकलेला असावा, असे वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत नोंदवून ठेवले आहे. उत्तरेच्या थंड मुलखातून आलेला पोशाख या उष्ण प्रदेशातील देवाने हजार वर्षे अंगावर वागवला आहे. संस्कृती म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यास यापेक्षा चांगला दाखला मला सापडलेला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये हे मंदिर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोढेरा हे चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून घोषित झाले. त्यामुळे पाहुणे वाढले, आणि सायंकाळच्या रंगीत दिव्यांच्या कार्यक्रमाला गर्दी होऊ लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवे माणसाने ठरविलेल्या वेळी लागतात. ज्याच्या वेळेला माणसाने आपली वास्तू जुळवून घेतली, तो प्रकाश पाहावयाचा तर झोप मोडली पाहिजे. प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. सप्टेंबरात आभाळाचा भरवसा नसतो, म्हणून मार्च निवडावा. सूर्योदय तेव्हा पावणेसातच्या सुमारास होतो.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी या शाळेच्या पटांगणातच एक खुंट रोवावा. दोरीने वर्तुळ काढावे, सकाळी एक खूण, दुपारनंतर एक खूण, आणि मधे रेषा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या नातवंडांना हाताशी घेऊन हे करावे, अशी माझी विनंती आहे. पाठ्यपुस्तकातील पूर्व दिशा आणि स्वतः शोधलेली पूर्व दिशा यांतला फरक मुलांना एकाच दिवसात कळेल. पुढे कधी ती मोढेऱ्याला गेली, तर त्या दगडांची भाषा त्यांना अनोळखी वाटणार नाही.