डीबगर कुठे दमतो?

रामटेकच्या कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्समधला विद्यार्थी असो की हिंजवडीतला नोकरदार, व्हीएस कोडमध्ये पायथॉनचा प्रोग्राम डीबग करायला बसला की आत राबतो तो पायडेव्हडी हा डीबगर. एक्लिप्ससाठीच्या पायडेव्हमधून तो आला आणि ब्राझीलच्या फाबिओ झाद्रोझ्नी यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. त्याच्याविषयीची जुनी तक्रार एकच: एरवी भराभर चालणारा प्रोग्राम डीबगर लावला की रखडतो.

दोष घडणीतच होता. सी भाषेतल्या प्रोग्रामला जीडीबी लावला, तर तो ब्रेकपॉइंटच्या जागी थांबण्याची छोटीशी सूचना पेरून बाजूला होतो. पायथॉनची सेटट्रेस ही सोय मात्र फंक्शनमध्ये शिरताना, बाहेर पडताना आणि मधल्या प्रत्येक ओळीला डीबगरला हाक मारते. रामटेकच्या गडमंदिराच्या पायरीपायरीवर कोणी ‘मुक्काम इथेच का?’ विचारू लागला, तर त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा वर पोहोचायची कधी? त्यात हा विचारणाराही पायथॉनमध्येच लिहिलेला, म्हणजे मुळातच संथ.

२०१६ च्या सुमारास या विचारण्याचा भाग पायथॉनचा कोड सी भाषेत नेणाऱ्या सायथॉनकडे सोपवला गेला. व्हेरिएबलना पक्के प्रकार दिले, त्यातून सी कोड तयार झाला आणि तो कंपाइल झाला. गंमत अशी की यासाठी दुसरा कोड हाताने लिहिला नाही. मूळ पायथॉन फाइलमध्येच कॉमेंटच्या रूपात खुणा ठेवल्या. त्यांवरून सायथॉनची फाइल आपोआप तयार होते. कंपाइल झालेला भाग सापडला नाही, तर साधा पायथॉन कोड चालतो आणि पडद्यावर इशारा येतो. वेगापायी दोन कोडबेस पोसत बसणारे प्रकल्प पुष्कळ. त्यांनी हे जरूर पाहावे.

तरीही प्रश्नांची संख्या तेवढीच राहिली. पायथॉन ३.६ मध्ये फ्रेम चालवण्याच्या टप्प्यावर हात घालता येऊ लागला आणि ब्रेकपॉइंट थेट बाइटकोडमध्ये बसवता आला. पुढे मार्क शॅनन यांच्या पेप ६६९ या प्रस्तावातून सिस.मॉनिटरिंग आले, ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत. ‘या ओळीला पुन्हा बोलावू नका’ असे आता डीबगर सांगू शकतो. पायडेव्हडीने तेही उचलले, आणि तिथेही सायथॉनचा भाग ठेवलाच.

माझ्या मते सी कोडने वेळ मारून नेली. खरा फरक पडला तो विचारणेच थांबल्यामुळे. तेव्हा डीबगर रखडत असेल, तर आधी पायथॉन ३.१२ किंवा पुढची आवृत्ती घ्या, आणि सायथॉनचा तो इशारा दिसला तर दुर्लक्ष न करता त्यात दिलेली आज्ञा चालवा.