फॉर्मवरचं वय, पाण्यातलं वय

लेनी रीफेनश्टाल ही हिटलरच्या राजवटीसाठी प्रचारपट काढणारी, म्हणून कायम वादात राहिलेली जर्मन दिग्दर्शिका. सत्तरी ओलांडल्यावर ती केनियाच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग शिकली. वय पाहून नकार देतील या भीतीने तिने फॉर्मवर जन्मसाल १९०२ ऐवजी १९२२ लिहिलं. २००२ मध्ये, शंभरी भरताना, तिने समुद्राखाली चित्रित केलेला चित्रपट आला.

फॉर्म फसला. पाणी मात्र शरीराचा हिशेब स्वतः करतं, आणि तोही पहिल्या दहा मीटरांतच.

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावरून दहा मीटर खाली जाताना तो दुप्पट होतो, दहावरून वीसवर जाताना फक्त दीडपट. बॉइलच्या नियमाने कोंडलेली हवा त्याच प्रमाणात आक्रसते. त्यामुळे नवशिक्याला निर्धोक वाटणारं उथळ पाणीच कानांना सगळ्यात जड जातं. पडद्यामागची हवा आक्रसली की पडदा आत ओढला जातो. मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते. कान दुखण्याची वाट पाहायची नाही. वर येताना उलटा खेळ. श्वास कोंडून धरला तर फुगणारी हवा फुप्फुस फाडू शकते.

हृदयाची गोष्ट वेगळी. पाण्यात शिरताच हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. शरीरात पाणी जास्त झालंय असं समजून मूत्रपिंडं लघवी वाढवतात. निरोगी हृदय हे सहज पेलतं. पण उच्च रक्तदाब असेल तर फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका वाढतो. डायव्हिंगआधीच्या आरोग्य-प्रश्नावलीत ‘वय पंचेचाळीसच्या वर आहे का?’ हा प्रश्न उगाच नसतो. थंड पाण्यात रक्तवाहिन्या आवळून हा भार आणखी वाढतो. उष्ण कटिबंधातलं सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी तेवढं सौम्य.

आता जमेची बाजू. जिन्यावर कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना इथे वजनच उरत नाही. तरंगणं साधणाऱ्या जाकिटातली हवा जुळली की श्वास घेतला तर शरीर किंचित वर, सोडला तर खाली. जोरात पाय मारणाऱ्याची हवेची टाकी लवकर रिकामी होते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे न होता बाहेर पडावा म्हणून वर यायचं तेही सावकाश, पाच मीटरवर तीनेक मिनिटं थांबून. घाई न करण्याची सवय ज्याला वयाने लावली आहे, त्याचं इथलं अर्धं शिक्षण झालेलंच असतं.

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीला पुन्हा बोटी सुटतात. तिथे फॉर्म हाती आला की जन्मसाल खरं लिहावं, गोळ्यांची नावंही. मग शिकवणारा तुम्हाला तुमच्या कानांच्या वेगाने खाली नेतो.