डॅनीची ताई

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. ती एका मराठी डेली सोपमध्ये हिरोईनच्या नणंदेचा रोल करते. घोडबंदर रोडला सेट, सकाळी सातचा कॉलटाइम आणि मधल्या वेळात मेकअप रूममध्ये रियाज. हो, रियाज! ती मुळात गाणारी. त्या दिवशी एका संगीतकाराने तिला अगदी गोड आवाजात ऐकवलं होतं, ‘‘तू सिरियलवाली ना? मग गाण्याचं एवढं टेन्शन कशाला घेतेस?’’ त्यात लहान मुलांच्या एका शोचं अँकरिंग करशील का, अशी विचारणा. ‘‘ते घेतलं की संपलंच. आधी नणंद, आता मुलांची ताई. मला गायिका कोण म्हणणार गं?’’

म्हटलं, थांब, तुला कायली मिनोगची गोष्ट सांगते.

‘‘कोण, ‘चिगी विगी’वाली?’’

घ्या! आपल्याकडे अनेकांची तिच्याशी ओळख २००९च्या ‘ब्लू’मधल्या त्या गाण्यामुळेच. रहमानचं संगीत, सोबत सोनू निगमचा आवाज, पडद्यावर अक्षयकुमार. सिनेमा आपटला, गाणं तेवढं लग्नाच्या डीजेने सांभाळलं.

तर कायली मेलबर्नची. जन्म १९६८चा. अकराव्या वर्षी, १९७९मध्ये, ‘द सलिव्हन्स’ नावाच्या सिरियलमध्ये तिला छोटासा रोल मिळाला. पण घरातली खरी स्टार होती धाकटी डॅनी (आपला डेन्झोंगपा नव्हे!). ‘यंग टॅलेंट टाइम’ या लहान मुलांच्या नाच-गाण्याच्या शोमध्ये डॅनी १९८२पासून दर आठवड्याला दिसायची. म्हणजे लोकांसाठी कायली कोण, तर डॅनीची ताई. १९८५ला ताईनेही डेमो टेप करून त्याच शोच्या निर्मात्यांना दिली. तिला एकदा गायला बोलावलं आणि मग... काही नाही. टीममध्ये घेतलंच नाही. त्याच वर्षी मुलांसाठीच्या ‘द हेंडरसन किड्स’ सिरियलमध्ये ती होती, पण दुसऱ्या सीझनमध्ये तिथूनही बाहेर.

पुढच्याच वर्षी ‘नेबर्स’. मेलबर्नच्या एका गल्लीतल्या शेजाऱ्यांचं डेली सोप. त्यात ती शार्लीन, म्हणजे गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणारी मुलगी. आपल्या सिरियल्समध्ये सुना आजही किचनच्या बाहेर पडत नाहीत, आणि ही १९८६ला ग्रीज लागलेल्या डांगरीत! शेजारच्या स्कॉटबरोबर तिचं जमतं आणि जुलै १९८७मध्ये लग्न होतं. ऑस्ट्रेलियात अक्षरशः घरचं कार्य असल्यासारखा माहोल होता म्हणे. १९८८मध्ये तर एकाच वर्षात तिने चार लोगी पटकावली. लोगी म्हणजे तिथले टीव्हीचे मोठे पुरस्कार.

गाणं मात्र फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी झालेल्या एका कार्यक्रमातून आलं. सिरियलच्या मंडळींबरोबर ती स्टेजवर ‘द लोकोमोशन’ हे जुनं गाणं गायली, रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि १९८७मध्ये ते गाणं ऑस्ट्रेलियात सात आठवडे नंबर वन.

मग लंडन. स्टॉक, एटकन आणि वॉटरमन हे त्रिकूट तेव्हा हिट गाण्यांचा कारखानाच चालवत होतं. शूटिंगमधून सुट्टी काढून कायली पोचली, तर ही येणार आहे हेच मंडळी विसरलेली! तिला परतीचं विमान पकडायचं होतं. ती बाहेर थांबलेली असताना आत चाळीस मिनिटांत गाणं लिहिलं गेलं. ‘आय शुड बी सो लकी’. १९८८ला ब्रिटनमध्ये पाच आठवडे नंबर वन.

समीक्षकांनी मात्र तिला पार सोलून काढलं. ‘सिंगिंग बजी’, म्हणजे पिंजऱ्यातला गाणारा छोटा पोपट, हे नाव तेव्हाचंच. खरं सांगू? ते सुरुवातीचे अल्बम मलाही सलग ऐकवत नाहीत. पण टीकाकारांच्या हिशेबात एक मोठी चूक होती. ‘सोपमधली पोरगी’ ही त्यांच्या लेखी शिवी होती, तिच्यासाठी मात्र तीच पुंजी होती. बीबीसीवर ‘नेबर्स’ दुपारी लागायची आणि जानेवारी १९८८पासून तोच भाग संध्याकाळी पुन्हा लागायला लागला. मुलं शाळेतून घरी, दप्तर कोपऱ्यात, समोर शार्लीन. कॅसेट घ्यायला आईकडे पैसे कोण मागणार होतं, सांगा बरं? शिवाय ब्रिटन कथानकात वर्षाहून जास्त मागे होतं. १९८८च्या मध्यावर कायलीने सिरियल सोडली, पण तिचं पडद्यावरचं लग्न ब्रिटनने पाहिलं त्या नोव्हेंबरमध्ये. प्रेक्षक जवळपास दोन कोटी! नोकरी सोडल्यावरही कंपनी तुमची फुकट जाहिरात करतेय, असं आपल्या नशिबी कधी येणार?

पुढचं भराभर सांगते. २००१चं ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ जगभर वाजलं. २००४ला पहिलं ग्रॅमी. २००५ला स्तनाचा कॅन्सर आणि अर्धवट सोडावी लागलेली टूर, जी तिने २००६च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत पुन्हा सुरू केली. २०२४ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ‘पदम पदम’साठी दुसरं ग्रॅमी. डॅनीही गायिका झाली, ‘होम अँड अवे’ सोप केलं, ब्रिटनच्या ‘एक्स फॅक्टर’ची जज झाली. करिअर चांगलंच झालं, पण ओळख उलटी. आता ती कायलीची बहीण.

आणि २०२२मध्ये निरोपाचा म्हणून शूट केलेल्या ‘नेबर्स’च्या भागात कायली चक्क परत आली, जेसन डोनोव्हनबरोबर, शार्लीन आणि स्कॉट होऊन. डायलॉग फार नव्हते. गाडीतून गल्लीत शिरतात, इकडेतिकडे बघतात. मी ती क्लिप तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा रडले. हसू नका.

फोनवर बराच वेळ शांतता. मला वाटलं, झोपली.

‘‘ती गाण्यासाठी सुट्टी कशी काढायची गं?’’ तिने विचारलं. ‘‘आमच्याकडे तर तापालाही देत नाहीत.’’

मग म्हणाली, मुलांच्या शोवाल्यांना उद्या फोन करते, टायटल साँग मला गायला देणार असतील तर हो म्हणेन. आणि ठेवला. सातचा कॉलटाइम होता.