एका हबशी वजिराची दोन पानं

१५९७च्या सुरुवातीला पाथरीच्या परिसरात, गोदावरीच्या खोऱ्यात, दोन फौजा भिडल्या. आष्टीची किंवा सोनपेठची लढाई म्हणतात ती हीच. एका बाजूला अकबराचा खान-इ-खानान, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. दुसऱ्या बाजूला दख्खनच्या सुलतानांची एकत्र फौज आणि तिचा सेनापती सुहेल खान, विजापूरचा हबशी सरदार. परभणीकडच्या काळ्या रानात आफ्रिकेच्या वंशाचा माणूस मोगलांशी झुंजत होता! मोगल जिंकले, पण खानदेशचा राजा अली खान त्यांच्या बाजूने लढताना पडला.

असेच दख्खनेत आलेले मलिक अंबर. जन्म इथिओपियातला, लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेलेले. बगदादमार्गे ते अहमदनगरला पोचले आणि निजामशाहीचे वजीर झाले. खडकी शहर वसवलं, नहर खेळवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. शहाजीराजे त्यांच्यासोबत भातवडीला मोगलांविरुद्ध लढले.

त्यांचं रूप आज कुठं पाहायला मिळतं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशिमने १६२०च्या सुमारास काढलेलं त्यांचं चित्र आहे. पांढरा जामा, सावळा चेहरा, बाजूने रेखलेला, भारदस्त. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात अबुल हसनचं चित्र आहे. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा मोगल बादशहा जहांगीर भाल्याला अडकवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. मुंडक्यावर घुबड बसलंय. प्रत्यक्षात हे शिर कधीच कोणाच्या हाती लागलं नाही. अंबर १६२६मध्ये वार्धक्याने वारले, खुलताबादेत त्यांची कबर आहे.

मला खरं थक्क करतं ते पुढचं. एका चित्रात अंबरचा मान राखलेला, दुसऱ्यात सूड. पण दोन्ही मोगल दरबारातच रंगली आणि एकाच संग्रहात बांधली गेली. त्याला मिंटो अल्बम म्हणतात, कारण तो लॉर्ड मिंटोच्या घराण्यात राहिला. हा मिंटो १८०७ ते १८१३ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. १९२५मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात अल्बम विकला गेला आणि फुटला. २१ पानं लंडनच्या संग्रहालयाला मिळाली, १९ पानं चेस्टर बीटी या संग्राहकाला. लंडनच्या पानाचा संग्रहक्रमांक १९२५ या आकड्यानेच संपतो. वस्तू कधी हातात आली, हे त्या क्रमांकातच लिहिलेलं असतं.

वस्तूचा हा मालकीचा माग चित्राइतकाच मोलाचा वाटतो मला. शत्रूच्या दरबारात अंबरविषयी दोन मनं कशी नांदत होती, हे अल्बम एकत्र ठेवल्यावरच उमगतं. पानं वेगळी झाली की एकच बाजू हाती उरते.

दोन्ही चित्रं त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. परभणीतल्या इतिहासाच्या शिक्षकांना विनंती, ती वर्गात शेजारी शेजारी लावून मुलांना दाखवा.