डोळ्याच्या ऑपरेशनला यकृताची तपासणी कशाला?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की तपासण्यांची चिठ्ठी हातात पडते. साखर, ईसीजी कळतं. पण खाली ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचसीव्ही’ दिसलं की आजोबा बुचकळ्यात पडतात.

या दोन तपासण्या यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंच्या. हे विषाणू रक्तातून पसरतात आणि डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं अंगात राहतात. मोतीबिंदू काढताना रक्त फारसं येत नाही, पण सुया आणि ब्लेड असतातच. बाधित सुई टोचली, तर लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला ‘बी’ची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, ‘सी’ची साधारण २ टक्के किंवा त्याहून कमी. ‘बी’चा विषाणू तर शरीराबाहेरही किमान ७ दिवस तग धरतो.

तपासणी सोपी आहे. दंडातून थोडं रक्त घेतात, यंत्रात फिरवून त्यातलं सीरम वेगळं करतात आणि त्याचे थेंब कार्डाच्या खाचेत सोडतात. ओल पट्टीवर हळूहळू पुढे सरकते. १५-२० मिनिटांत कंट्रोलची एकच रेघ उमटली, तर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. शेजारी दुसरी रेघ आली, मग ती फिकट का असेना, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. कंट्रोलचीच रेघ आली नाही, तर कार्ड बाद, तपासणी नव्यानं.

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. अँटी-एचसीव्ही म्हणजे ‘सी’विरुद्धची प्रतिपिंडं, ती आजार बरा झाल्यावरही रक्तात राहतात. विषाणू आत्ता आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. ‘बी’ निघाला, तर यकृताच्या तपासण्या आणि विषाणूचं प्रमाण पाहतात. तेवढ्यावरून ऑपरेशन नाकारण्याचं कारण नाही.

उलट, लागण ताजी असेल तर सुरुवातीचे काही आठवडे रिपोर्ट कोराच येऊ शकतो. म्हणून हातमोजे, सुया टाकायचा जाड डबा, ऑटोक्लेव्हमधली उपकरणं ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यावी लागते. कर्मचाऱ्यांची खरी ढाल म्हणजे ‘बी’ची लस. ‘सी’वर लस नाही.

मग तपासणीचा खरा लाभ कुणाला? रुग्णालाच. ‘सी’ साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, ‘बी’ औषधांनी आटोक्यात राहतो. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८पासून यांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा डोळ्याची पट्टी निघाली, स्वच्छ दिसू लागलं, की आधी तो रिपोर्ट वाचा. रिअ‍ॅक्टिव्ह असेल, तर फाईलमध्ये ठेवून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि घरच्यांचीही तपासणी करून घ्या.